एकविसावा वाचक

दूध संघाचा वार्षिक अहवाल संकेतस्थळावर आला, पण सभासदांना त्यात काही सापडेना. सर्वसाधारण सभा आठवड्यावर होती. संकेतस्थळाचं काम पाहणाऱ्या मृदुला टिळेकरने वीस सभासदांना समोर बसवून तो उघडायला लावला आणि कोण कुठे अडतं ते वहीत टिपलं.

अध्यक्ष भाऊसाहेब इंगवले म्हणाले, “अहवाल मी स्वतः मांडलाय. वाचणारेच अडाणी आहेत.”

“असतीलही,” मृदुला म्हणाली. “तुमच्या हस्ते शीतगृहाचं उद्घाटन झालं, तेवढं पान काढून द्या.”

भाऊसाहेबांनी मोबाइल घेतला. सुरुवातीचं स्वतःचं लांबलचक मनोगत सरकवता सरकवता त्यांचा चहा गार झाला. शेवटी त्यांनी चिटणिसांना हाक मारली.

मृदुलाने वही उघडली. “एकविसावा वाचकही मनोगतातच अडकला. यांच्या नावापुढे अडाणी लिहू?”

भाऊसाहेबांना हसू आलं. “नको. माझं मनोगत शेवटी टाका.”