मोगऱ्यावर कात्री

मोगऱ्याला फूल येईना!

आणि मोगरा तरी कोणाचा? करंजगडच्या हैबतराजांचा! राजांनी स्वतःच्या हातांनी वाड्यासमोर लावलेला. करंजगडचं ऊन असं, की दगडावर पापड भाजावा. तिथे मोगरा खरं तर दारोदार फुलायचा. कुंभाराच्या अंगणात फुलायचा, तेलिणीच्या परसात फुलायचा. राजांचा मोगरा मात्र नुसता पानांनी माजला होता. माजणारच! डोक्यावर रेशमी छत, मुळाशी सकाळ-संध्याकाळ घागरी भरभरून पाणी, आणि खत तर इतकं, की राणीसाहेब त्या बाजूची खिडकी उघडत नसत.

"महाराज, जरा छाटणी करू द्या," म्हातारा केरबा माळी हात जोडून म्हणाला. "पानं उतरवू, थोडे दिवस पाणी तोडू, ऊन लागू देऊ. मग बघा कशा कळ्या धरतो ते!"

"आमच्या मोगऱ्यावर कात्री?" राजे गरजले. "त्याला तहानलेला ठेवणार? खबरदार! त्याच्या पानाला कोणीही बोट लावायचं नाही! आणि हो, चैत्रात राणीसाहेबांचं हळदीकुंकू आहे. गौरीला वेणी याच मोगऱ्याची हवी. नाही मिळाली, तर बागेतली झोपडी रिकामी कर!"

केरबाचा जन्म त्याच झोपडीतला. त्या दिवशी तो भाकरीपुढे बसला आणि तसाच उठला.

"छाटायचं नाही, पाणी तोडायचं नाही, आणि फुलवायचं?" त्याची लेक हौसा म्हणाली. "मी जाऊन पाया पडते महाराजांच्या."

ती वाड्यावर पोहोचली तेव्हा राजे जेवत होते. मध्येच त्यांना खोकल्याची उबळ आली.

"आज दही नको हं," राणीसाहेब म्हणाल्या.

"दही आणा!" राजे म्हणाले. "मोठ्या वाटीत!"

"बरं, निदान जेवल्यावर उन्हात तरी जाऊ नका."

"घोडा तयार ठेवा!"

हौसानं ओठांवर आलेली विनवणी गिळली आणि आल्या पावली परत फिरली.

"काय म्हणाले महाराज?" केरबानं विचारलं.

"मी काही विचारलंच नाही. बाबा, कात्रीला धार लावून ठेवा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी राजे मोगऱ्यापाशी आले, तर हौसा दोन्ही हात पसरून वाट अडवून उभी!

"थांबा, महाराज! झाडाला हात लावू नका!"

"आम्ही? आमच्याच झाडाला?"

"हुकूम आहे. कोणीही बोट लावायचं नाही."

"अगं, तो हुकूम आमचाच!"

"असेल. पण कोणीही म्हणजे कोणीही. तुम्हीसुद्धा!"

राजांचे कान लाल झाले. त्यांनी हात लांब करून एक पान खुडलं आणि तिच्यासमोर नाचवलं. "हे बघ! तोडलं!"

"अरे देवा! बरं, तोडलंत ते तोडलंत. दुसरं काही तुमच्यानं तोडवणार नाही."

"तोडवणार नाही?" राजांनी दोन्ही हातांनी पानं ओरबाडायला सुरुवात केली.

"पानं काय, कोणीही तोडील," हौसा हळहळली. "पण कात्री मात्र धरू नका हं!"

"कुठे आहे कात्री?"

केरबानं कात्री पुढे केली.

"ती वाळकी फांदी नको, महाराज!" कच्! "आणि ही आतल्या आत गुंतलेली? पाया पडते, नको!" कच्! राजांना भलताच जोर चढला. कात्री एका जोमदार फांदीकडे वळली, तशी हौसा घाईनं म्हणाली, "हां, ही कापा खुशाल!"

"तू कोण सांगणार?" राजांनी ती फांदी राखली.

"आता छत तरी राहू द्या, ऊन लागेल!"

राजांनी छत ओढून खाली पाडलं.

"आणि पाणी?"

"एक थेंब घालायचा नाही!" राजे घाम पुसत, मोठ्या रुबाबात निघून गेले.

मागे उरल्या काटक्या. केरबा खाली बसला. "मेला गं मोगरा," तो म्हणाला. हौसानं त्याला धीर दिला खरा, पण पुढे रोज उजाडताच ती झाडापाशी जाऊन फांद्या चाचपायची. केरबानं तर भांडीकुंडी बांधायला काढली. अखेर एके सकाळी फांदीवर हिरवे ठिपके दिसले. हौसा धावतच वाड्यावर गेली.

"महाराज, पाणी बंदच ठेवायचं ना? तेच बरं!"

"कोण म्हणतं बंद? घाला पाणी! पोटभर घाला!"

चैत्र लागला आणि मोगरा असा फुलला, की पानं शोधावी लागावीत! राणीसाहेबांनी खिडकी सताड उघडली. गौरीला दंडासारखी जाड वेणी झाली, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या ओंजळी भरल्या, तरी फुलं उरलीच.

राजे ज्याला त्याला सांगत होते, "आम्ही स्वतः छाटला! ही पोरगी नको नको म्हणत होती, तरी आम्ही..." आणि बोलता बोलता एकदम थांबले. त्यांनी हौसाला पुढे बोलावलं.

"तू नको म्हणालीस ते सगळं आम्ही कापलं?"

"हो, महाराज."

"आणि कापा म्हणालीस, ते राखलं?"

"हो, महाराज."

"म्हणजे तू आम्हाला मूर्ख बनवलंस!"

केरबानं डोळे मिटून घेतले.

"छे छे, महाराज!" हौसा म्हणाली. "मी तुम्हाला माळी बनवलं!"

आधी राणीसाहेबांना हसू फुटलं. मग राजे हसले, असे हसले, की फेटा सुटून गळ्यात आला! डोळे पुसत ते म्हणाले, "केरबा, झोपडी कसली, त्या जागी तुला दगडी घर बांधून देतो. आणि आजपासून या बागेत हुकूम चालेल तो हौसाचा. हौसाबाई, पुढच्या छाटणीला या माळ्याला बोलावणं पाठवा!"