चौकोनातले प्रोफेसर

स्वतःला गळा नसला की माणूस दुसऱ्याच्या गाण्याला शिस्त लावायला निघतो. संस्थानच्या गायनशाळेत नव्याने आलेले प्रोफेसर खरशीकर असेच निघाले होते. प्रत्येक स्वर वेगळ्या चौकोनात लिहायचा, ही त्यांची पद्धत. तिथल्या जुन्या गायिका यमुनाक्का मात्र फळ्यावर रेघ काढून शिकवत. एका स्वरातून दुसऱ्यात गळा जसा वाहत जाई, तशी ती रेघ वळे.

भर दरबारात प्रोफेसर कडाडले, "सरकार, फळ्यावरची ही गांडुळं पुसून टाका आणि बाईंना घरी पाठवा. जे चौकोनात बसत नाही, ते संगीतच नव्हे!"

महाराजांनी अक्कांकडे पाहिलं. या प्रोफेसराला गाऊन दाखवणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता, हे अक्कांनी केव्हाच ओळखलं होतं. त्यांनी खडू घेतला, प्रोफेसरांच्या पायाखालच्या चौकोनी फरशीवर 'सा' लिहिला आणि पार दारापाशीच्या फरशीवर 'प'.

"आता 'सा'वरून 'प'वर या, प्रोफेसरसाहेब. मधल्या फरशांना मात्र पाय लावायचा नाही. तुमच्या पद्धतीत तिथं काहीच लिहिलेलं नसतं."

प्रोफेसरांनी धोतर सावरलं, अंतर न्याहाळलं आणि जागीच घाम पुसत राहिले. दरबार खदखदा हसू लागला.

अक्कांनी 'सा'पासून एक वळणदार रेघ ओढली. 'प'वरही न थांबता ती उंबऱ्याबाहेर नेली.

"या," त्या म्हणाल्या, "हे गांडूळ तुम्हाला थेट घरी पोहोचवील."