गोणपाटाच्या पडद्याआडचं वासरू

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं, आणि त्या गावातल्या एका घराला वासरू म्हणून लाभत नसे. गाई दुधाळ होत्या, वैरण भरपूर होती. पण वासरू जन्मलं की थोड्याच दिवसांत त्याला हगवण लागायची, पोट नगाऱ्यासारखं व्हायचं, आणि एके सकाळी ते मान टाकायचं. गल्लीतली माणसं हळहळायची. "नजर लागते हो त्या घराला," म्हणायची.

घरच्या सासूबाईंनी नजरेवर दोन उपाय धरले होते. गाय व्याली की पहिला चीक सगळाच्या सगळा खरवसासाठी काढायचा आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या वाट्या भरायच्या, म्हणजे कुणाचा जीव त्यात अडकायला नको. आणि वासराला गोठ्याच्या अगदी आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात बांधून पुढे गोणपाटाचा पडदा सोडायचा, म्हणजे ते कुणाच्या दृष्टीस पडायला नको. एक वासरू गेलं की पडद्यावर आणखी एक गोणपाट चढायचं.

त्या घरात कुमुद नावाची सून आली. भित्री म्हणजे किती भित्री! मांजर पत्र्यावरून चाललं तरी छातीवर हात. नजरेला तर ती सासूबाईंपेक्षाही जास्त घाबरायची. वासराला दूध पाजायला जाताना पडदा इतकासा उचलायची, आत हात घालून बादली ठेवायची, आणि पुन्हा नीट लावून टाकायची.

एकदा बादली आतच लवंडली. कुमुदला वाकून आत जावं लागलं. पायाखाली पचपचीत ओल होती. सगळ्या गोठ्याचं शेणमूत उतारानं त्याच कोपऱ्यात येऊन साचत होतं. वासरू भिंतीची माती चाटत उभं होतं. फासळ्या दिसत होत्या आणि पोट तेवढं मोठं. कुमुदनं त्याच्या शेणाकडे पाहिलं आणि अशी किंचाळली की अर्धी गल्ली धावली.

"साप?" शेजारच्या यमुनाक्कांनी विचारलं.

"शेवया!" कुमुद कशीबशी म्हणाली. "शेणात पांढऱ्या शेवया... वळवळतायत!"

"घ्या! सुनेला शेणातसुद्धा शेवया दिसायला लागल्या," यमुनाक्का सासूबाईंकडे वळून म्हणाल्या. " आत्याबाई, पोरीला घरात जेवायला घालता ना?"

सगळे हसले. ते वासरू काही जगलं नाही. कुमुदनं मात्र पुढे कितीतरी दिवस शेवयांची खीर तोंडाला लावली नाही.

मग गुरांना लस टोचायला डॉक्टर गावात आले, तेव्हा तिनं दाराआडूनच हळूच त्या शेवयांबद्दल विचारलं.

"ते जंत," डॉक्टर म्हणाले. "काही गाईच्या दुधातून येतात, काही ओल्या घाणीतून. त्यावर औषध आहे. वासरू झालं की मला कळवा, वजन बघून देतो. पण आधी त्याच्या पोटात चीक जाऊ दे, लगेच, पहिल्या तासा-दोन तासांत. वासराकडे जन्मताना रोगाशी झुंजायचं बळ नसतं. ते बळ त्या चिकात असतं."

"आणि नजर?"

डॉक्टर हसले नाहीत. "नजर ठेवायलाच हवी," म्हणाले. "दिसलं नाही तर आजारी पडलं हे कळणार कसं?"

पुढे मोरी गाय व्याली. भर सकाळ होती. यमुनाक्का आणि गल्लीतल्या बाया वाट्या घेऊन अंगणात आल्या, सासूबाई चरवी घेऊन मोरीपाशी बसायला निघाल्या. पांढऱ्या कपाळाची कालवड नुकती पायांवर उभी राहत होती, पडत होती, पुन्हा उठत होती.

 आज आपण गप्प बसलो तर हीही जाणार, हे कुमुदला दिसत होतं. तिनं कास धुतली, कालवडीला धरलं आणि सड तिच्या तोंडात दिला.

"अगं, मोरीची वार पडायचीय अजून, अंग मोकळं व्हायचंय तिचं!" सासूबाई ओरडल्या. "त्याआधी कुणी पाजतं का?"

"तोवर हिनं काय करायचं, आत्याबाई?"

"वाट बघायची."

"वाट मी बघते," कुमुद म्हणाली. "तिला पिऊ दे."

कालवड चुटूचुटू प्यायला लागली. अंगणात वाट्यांचा आवाज थांबला. "आम्हाला वाटलं सून भित्री आहे," यमुनाक्का म्हणाल्या आणि रिकामी वाटी पदराखाली घेऊन निघून गेल्या. सासूबाईंना ते फार लागलं. त्या दिवशी त्या सुनेशी बोलल्या नाहीत.

कुमुदनं त्याहून मोठं धाडस केलं. कालवडीला कोपऱ्यात नेलंच नाही. ओसरीच्या कडेला, कोवळ्या उन्हात, कोरड्या पेंढ्यावर बांधलं. येणारा-जाणारा थांबून बघायचा, "काय गोंडस आहे हो!" म्हणायचा, आणि दर वेळी कुमुदच्या काळजात धस्स व्हायचं. पेंढा मात्र ती रोज बदलायची. जंताचं औषधही डॉक्टरांकडून वेळेवर आलं.

तरी एक दिवस कालवडीला हगवण लागलीच.

"लागली ना नजर?" सासूबाईंचे डोळे भरले. "ने बाई तिला आत. माझं ऐक."

कुमुद मनातून पार ढासळली. आपणच चुकलो असणार. तिनं दावं सोडलं, कालवडीला घेऊन गोठ्यात गेली आणि पडदा उचलला. आतून तो जुना आंबूस दर्प आला. तोच दर्प तिला ओळखीचा वाटला. कुठं येतो बरं हा रोज? ती तशीच माघारी फिरली आणि पाजायची बादली नाकाशी धरली. बादली जुनीच होती, रात्रभर त्याच कोपऱ्यातल्या खुंटीला टांगलेली. वरवर विसळलेली, पण तळाशी बुळबुळीत थर.

"आत्याबाई, हे बघा. नजर इथं आहे."

सासूबाईंनी बोट फिरवलं, वास घेतला, आणि पदर नाकाला लावला. किती वासरं यातून दूध प्यायली होती, ते त्यांना आठवलं असावं. त्यांनी चुलीवर पाणी ठेवलं आणि घरातली नवी बादली काढून उकळत्या पाण्यानं स्वतः धुतली. कुमुदच्या नवऱ्यानं डॉक्टरांना आणलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दूध तोडलं नाही, मधूनमधून मीठ-साखरेचं पाणी दोघींनी पाळीपाळीनं पाजलं. चौथ्या सकाळी कालवडीनं शेपटी वर करून अंगणात अशी उडी मारली की कुमुद दचकून तुळशीच्या कट्ट्यावरच बसली.

सासूबाई पोट धरून हसल्या. मग उठल्या, गोठ्यात गेल्या, आणि गोणपाटाचे सगळे पडदे ओढून काढले. कोपऱ्याच्या भिंतीला त्यांनी खिडकी पाडून घेतली आणि सांडपाण्याला बाहेर वाट काढून दिली.

पुढे तीच कालवड गाय झाली आणि व्याली. यमुनाक्का वाटी घेऊन सगळ्यांआधी हजर. कुमुद पुढे होणार, तोच सासूबाईंनी यमुनाक्कांपुढे आडवा हात धरला.

"बस गं जरा, यमुना. आधी ज्याचं आहे त्या वासराचं पोट भरू दे. उरेल त्याचा खरवस करू."

"आणि नजर लागली म्हणजे?"

"लागू दे की," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या कुमुदची रोजच लागते."

तात्पर्य सांगायचं तर इतकंच: वासराला जगापासून लपवू नये, त्याच्या वाट्याचा चीक, कोरडी जागा आणि स्वच्छ भांडं त्याला आधी द्यावं.