आरसेवाल्याच्या पिशवीतलं नाव

आधी पांघरुणं नीट घ्या. शर्वा, तुझे पाय तिच्या अंगावर नकोत. मुक्ते, तू त्याला ढकलू नकोस. आणि मोबाइल कुठाय म्हणून विचारू नका, कपाटावर ठेवलाय मी तो. आता तो तिथेच झोपणार. काय मेलं ते वेड! एका हातात घास, दुसऱ्या हातात ते यंत्र. वरणभात निवून गार झाला तरी पत्ता नाही. बोलून बोलून माझं तोंड दुखलं. म्हणून आता बोलत नाही, गोष्ट सांगते. हूं म्हणा.

तर होता एक राजा. मिशा अशा पिळदार, की शत्रू लांबूनच बघून माघारी जायचे. पण घरात? घरात नुसता लोण्याचा गोळा. पोरांनी ओठ जरा बाहेर काढला की हा विरघळलाच. त्याला दोन मुलं. थोरली मैनावती, आपल्या मुक्तेएवढी. आणि धाकटा छबू, 'र'ला 'ल' म्हणणारा, एवढासा.

वाड्यापुढे मोठं अंगण होतं. गावातली झाडून सगळी पोरं तिथे खेळायला यायची. लगोरी म्हणा, लंगडी म्हणा, लपाछपी म्हणा. दिवेलागणीला घराघरांतून हाका सुरू व्हायच्या. ए गोदेऽ, ए तुक्याऽ, चला घरी! राणीसुद्धा दारात येऊन ओरडायची, "छबूऽऽ!" राणी झाली म्हणून काय झालं, आईच ती. छबू म्हणायचा, "आलोऽ", आणि यायचा नाही. मग दुसरी हाक. मग तिसरी, चांगली खणखणीत. तेव्हा कुठे स्वारी हलायची.

एकदा काय झालं, त्या अंगणात एक आरसेवाला आला. गुळगुळीत दाढी, गोड बोलणं, खांद्याला भलीमोठी पिशवी. म्हणाला, "घ्या बाळांनो, आरसे घ्या. फुकट!" फुकट म्हटल्यावर काय, फुकटचं ते पौष्टिक! राजाही म्हणाला, घ्या घ्या. एकानेही विचारलं नाही की बाबा रे, फुकट वाटून तू खातोस काय.

त्या आरशात तोंड दिसत नसे, बरं का. आत एक सोनेरी पाखरू होतं. आपण बोट फिरवू तसं ते उडायचं. त्याला सात डोंगरांपलीकडे त्याच्या घरट्यात न्यायचं, असा तो खेळ.

काय म्हणालास? मोबाइल? मोबाइल नाही, आरसा. गोष्ट माझी आहे.

मग पोरं खेळायला लागली. पहिला डोंगर चुटकीसरशी पार. दुसराही पार. तिसऱ्या डोंगरावर पाखरू धापा टाकत बसलं. आरशातून गोड आवाज आला, "दाणा द्या ना, दाणा द्या." आता दाणा कुठला आणायचा? आरसेवाला वेशीवरच बसला होता. म्हणाला, "देतो की. पैसे नकोत हो मला! घरातलं काहीतरी द्या. अगदी बारीक. कुणाला दिसतसुद्धा नाही असं."

मैनावतीने विचारलं, "म्हणजे काय?"

"तुमच्या मुदपाकखान्यात आंबेमोहोर शिजतो ना? त्याचा वास दे."

मैनावतीला वाटलं, वास काय, तो थोडाच दिसतो! दिला. आरसेवाल्याने तो पिशवीत घातला, दाणा हातावर ठेवला आणि पाखरू उडालं. त्या दिवसापासून वाड्यात भात शिजायचा, पण कळायचंच नाही. ओला कागद चावावा तसं सगळे जेवायचे.

पाचव्या डोंगरावर पाखरू पुन्हा बसलं. या वेळी मैनावतीने आपल्या पोपटाचा हिरवा रंग दिला. पोपट राखुंडीसारखा दिसायला लागला आणि लाजून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला. मग मात्र मैनावती घाबरली. तिने आरसा ठेवून दिला. पण ठेवला कुठे? उघड्या कोनाड्यात! आणि धाकट्याचा हात तिथे पोचत होता.

छबूने आरसा उचलला. सहावा डोंगर झाला. सातवा अर्धा झाला. घरटं समोर दिसतंय, आणि पाखरू बसलं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं! आता कोण सोडतंय? छबू धावत वेशीवर गेला. आरसेवाल्याने त्याला मांडीवर घेतलं. म्हणाला, "बाळा, तुझं नाव दे मला."

"नाव?"

"हो. तुला त्याचा काय उपयोग? तू स्वतः कधी वापरतोस का ते? दुसरेच वापरतात."

छबूने विचार केला. खरंच की! आणि देऊन टाकलं.

संताप येतो की नाही? मला तर दर वेळी येतो. एवढ्याशा लेकराला काय कळणार! म्हणून तर तो मेला धाकट्यांनाच गाठायचा. बरं, नाव दिलं, दाणा मिळाला, पाखरू घरट्यात पोचलं. मग पुढे काय? घरट्यामागे आणखी सात डोंगर! असले खेळ संपतच नसतात. ते संपण्यासाठी केलेलेच नसतात.

दिवेलागण झाली. राणी दारात आली. तिने तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. म्हणजे आवाज होता, पण नावच नव्हतं. "अरे… ए…" एवढंच आलं. ए म्हटल्यावर कोण वळून बघणार? सगळी पोरं आपापल्या हाकेला घरी गेली. धाकटा तिथेच अंगणात आरसा घेऊन बसून राहिला. पानं मांडली तेव्हा त्याचं पान मांडायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आता मीसुद्धा त्याचं नाव घेऊ शकत नाही, बरं का. धाकटाच म्हणायचं.

मुक्ते, गप्प! तूही घ्यायचं नाहीस. पिशवीत आहे ते.

रोज धाकटा थोडा थोडा फिका होत चालला. फार धुतलेल्या कापडासारखा. राणी त्याला उचलून आत आणायची, पण खाली ठेवला की तो पुन्हा अंगणात. आरसेवाला वेशीवरून हसत म्हणायचा, "अजून थोडे दिवस. मग तो आरशातच राहायला येईल. पाखराला सोबत."

मग राजा जागा झाला. फार लवकर जागा झाला हो! त्याने काय केलं, तर आरसा पेटीत घातला, कुलूप लावलं आणि स्वतः पेटीवर बसला. धाकट्याने ओठ काढला. राजा म्हणाला, "थोडाच वेळ हं", आणि दिला काढून. मग त्याने प्रधानाला बोलणी करायला पाठवलं. आरसेवाल्याने प्रधानालाच एक आरसा फुकट दिला. प्रधान जो गच्चीवर जाऊन बसला तो खाली उतरेना. मग राजा म्हणाला, थांबा, मीच खेळतो आणि जिंकून सगळं परत आणतो. दुसऱ्या दिवशी बघतात तर राजाच्या मिशांचा पीळ गायब! दोन्ही मिशा भिजलेल्या वातीसारख्या खाली लोंबतायत. आता असल्या राजाला काय म्हणावं? कपाळ आपलं!

त्या संध्याकाळी मैनावतीने आईला दारात बघितलं. राणी नुसतं तोंड उघडत होती आणि मिटत होती. मैनावतीला फार फार वाईट वाटलं. आरसा कोनाड्यात आपणच ठेवला होता. ती तडक वेशीवर गेली.

"आरसेवाले, आमच्याबरोबर एक डाव खेळता का? पण आमच्या अंगणात, आमच्या नियमाने. तुम्ही हरलात तर पिशवी रिकामी करायची. आम्ही हरलो तर आम्हा सगळ्यांची नावं तुमची."

सगळ्यांची नावं! आरसेवाल्याच्या तोंडाला पाणी सुटलं. "कबूल," म्हणाला. मायावी असला तरी दिलेल्या शब्दाला बांधलेला होता. त्या काळच्या राक्षसांचं एवढं तरी बरं होतं.

खेळ ठरला लंगडीचा. आरसेवाला म्हणाला, "मीच धरणार. धरणं हाच माझा धंदा." मैनावती म्हणाली, "चालेल. एका पायावर सगळ्यांना बाद करायचं. दुसरा पाय टेकला की तुम्ही हरलात. आणि हा आमचा धाकटा कच्चं लिंबू."

कच्चं लिंबू म्हणजे माहीत आहे ना? फार लहान असतं ते पोर. त्याला खेळायला घ्यायचं, पळू द्यायचं, पण त्याला कितीही शिवलं तरी ते बाद होत नाही. आपल्याकडे कुठल्याही अंगणात जा, हा नियम कुणी शिकवावा लागत नाही. पण आरसेवाल्याचं लक्षच नव्हतं. नियम ऐकायची त्याला सवयच नव्हती. स्वतःचे नियम तो मुंगीएवढ्या अक्षरांत लिहायचा, म्हणजे कुणी वाचू नयेत. "हो हो," म्हणाला.

खेळ सुरू झाला. आणि पहिल्यांदा तो कुणामागे गेला असेल? जन्मभराची खोड! सगळ्यात लहान कोण ते बघितलं आणि लंगडत लंगडत गेला धाकट्यामागे. शिवला. "बाद!" पोरं ओरडली, "बाद नाही! कच्चं लिंबू!" तो म्हणाला, "असं कसं?" पुन्हा शिवला. "कच्चं लिंबू!" पुन्हा शिवला. त्याचं डोकंच फिरलं. लहानग्याकडून काही मिळत नाही, असं त्याच्या आयुष्यात कधी झालंच नव्हतं. गोदा समोरून गेली, तुका समोरून गेला, हात लांबवला असता तर दोघंही बाद झाले असते. पण नाही! हा आपला धाकट्याच्याच मागे. आणि धाकट्याला तर इतकी मजा वाटायला लागली, की तो मुद्दाम पुढे येऊन "मला शिवा, मला शिवा" करायला लागला. हसला रे! कितीतरी दिवसांनी हसला. आरसा तिकडे धुळीत पडला होता, त्याची आठवणसुद्धा नाही.

आरसेवाला लाल झाला, घामाघूम झाला. पाय लटपटायला लागला. एकदा शेवटची झेप घेतली धाकट्यावर, आणि टेकला की दुसरा पाय!

"टेकलाऽऽ!" सगळं अंगण दणाणलं.

मग काय, पिशवी उलटी करावी लागली. आंबेमोहोराचा वास असा सुटला की गावभर सगळ्यांना भूक लागली. हिरवा रंग उडाला तो थेट पोपटाच्या पंखात. मिशांचा पीळ राजाच्या ओठावर टुणकन जाऊन बसला. आणि अगदी तळाशी, चुरगळलेलं, एक लहानसं नाव होतं. ते वाऱ्याबरोबर दारापाशी गेलं.

राणी तिथेच उभी होती. तिने तोंड उघडलं.

"छबूऽऽ! चल रे घरी!"

आणि छबू काय म्हणाला असेल? एवढं रामायण झालं, आई रडतेय, बाप रडतोय, आणि पोरगं म्हणतं, "आई, एकच डाव!"

राणी रडता रडता हसायला लागली.

आरसेवाला गेला तोंड काळं करून. राजा म्हणाला, "आता राज्यातले सगळे आरसे फोडा!" पोरांचे चेहरे पडले. मैनावती म्हणाली, "बाबा, पाखरू उडवायला मजा येत होती. वाईट होतं ते मागणं. आपण चांगले आरसे शोधू." मग असं ठरलं, की कुणीही आरसा घेऊन आला की त्याने अंगणात बसायचं. आधी सगळ्यात लहान मुलाने खेळून बघायचं, कच्चं लिंबू म्हणून. मोठ्यांनी शेजारी बसायचं. मध्येच आरशाने त्या लेकराकडे हात पसरला, की दार तिकडे आहे! किती आले आणि किती गेले. मग एक म्हातारी आली. तिच्या आरशात नदी होती, नदीवर पूल बांधायचे. मोल काय ते तिने एकदाच घेतलं, राजाकडून, उघडपणे. पुढे आरशाने कधी काही मागितलं नाही. पूल पडला तर पुन्हा बांध म्हणायचा. आणि अंधार पडला की नदी आपली आपण झोपून जायची. राजाही पूल बांधायला शेजारी बसायला लागला. पोरांच्या हातात वस्तू द्यायची आणि स्वतः मिशा पिळत निघून जायचं, ही त्याची खोड मोडली. प्रधानालाही गच्चीवरून खाली आणलं, बरीच ओढाताण करून. मग सगळी सुखात राहिली, पोटभर जेवली, वेळेवर झोपली. झाली गोष्ट. मिटा डोळे.

काय रे शर्वा? पाणी हवंय? मग काय?

नाव नाही, तर दुसरंच काही दिलं असेल तर? म्हणजे? काय दिलंस तू?

हिरे घेतलेस. त्या खेळातले. आईच्या मोबाइलवरून. किती वेळा? माहीत नाही. पैसे दिसलेच नाहीत म्हणतोस. हो रे बाबा, कसे दिसतील. अरे देवा.

नाही, ओरडत नाहीये मी. हा माझा साधा आवाज आहे. ये इकडे, जवळ ये. सकाळी उठल्यावर आईला तू सांगायचंस. तूच. मी शेजारी बसेन. ती चिडेल, मग चिडू दे, तिचा हक्क आहे. पैसे परत मिळतात का ते ती बघेल, नाही मिळाले तर नाही. आणि मग आपण सगळे बसून तुला एखादा बरा खेळ शोधू. आता रडू नकोस, उशी भिजते. मुक्ता झोपली बघ. झोप तूही.