दरडीपाशी बसलेला मंत्री

एकदा एका डोंगराळ प्रांतात एका तरुणाची मंत्रिपदावर नेमणूक झाली. चोर, आग, पूर यांपासून प्रजेचे रक्षण करणारी सर्व पथके त्याच्या हाताखाली होती. त्याच्या आधी हेच पद सांभाळलेल्या एका वृद्ध गृहस्थांना तो गुरू मानी आणि कुठे संकट आले की त्यांना बरोबर घेऊन जाई.

एका सकाळी नाचणवाडीवर दरड कोसळली. दोन घरे मातीखाली गेली. एकात तानी नावाची लहान मुलगी अडकली होती, दुसऱ्यात एक म्हातारा. मंत्री पोचला तेव्हा पथकाचा नाईक कोंडाजी आपल्या माणसांसह पहिल्या घराच्या मागच्या अंगाला खणत होता.

मंत्र्याने घोड्यावरून उडीच टाकली. "दार कुठं होतं या घराचं? इथं ना? मग मागं काय करताय? सगळे इकडे या!"

कोंडाजी घुटमळला. मग म्हणाला, "जी सरकार," आणि सारे पुढच्या बाजूला आले. मंत्र्याने पागोटे काढून ठेवले आणि स्वतःही कुदळ उचलली.

तेवढ्यात गुरूंनी त्याच्या हातातली कुदळ काढून घेतली. जवळच एका दगडावर तानीची आई एकटीच बसली होती. तिच्याकडे बोट करून ते म्हणाले, "हिच्याजवळ बस. दरडीकडे पाठ करून. मी सांगेपर्यंत वळायचं नाही."

"गुरुजी, पोर आत आहे आणि मी नुसता बसू?"

"बस म्हटलं ना."

मंत्री बसला. अपमानाने त्याचे कान तापले होते. बोडक्या डोक्याच्या त्या माणसाला बाईने ओळखले नाही.

"मंत्री आलाय म्हनं कुनी," ती पुटपुटली. "समद्यांना दाराकडं वळवलं त्यानं. माझी तानी दारात कशाला असंल? शेळी सोडायला ती गोठ्याकडं पळाली. म्या बघितलं की!"

"हे कोणाला सांगितलंत का?"

"नाइकाला सांगितलं. त्यो तिथंच तर खनत व्हता!"

मंत्री ओरडायला उठणार, तोच गुरूंचा हात त्याच्या खांद्यावर पडला. त्याने कान दिला. फावड्यांचा आवाज केव्हाच मागच्या अंगाला सरकला होता.

त्याने बाईचे हात आपल्या हातांत घेतले.

"शेळीचं नाव काय?" त्याने विचारले.

"राणी. आमच्या घरात तेवढीच राणी." ती हसायला गेली आणि तिला रडू फुटले. मग ती तानीविषयी बोलत राहिली आणि तो ऐकत राहिला.

बऱ्याच वेळाने हाक आली, "जित्ती हाय! पोर जित्ती हाय!"

बाई धावली. मंत्री मात्र तसाच बसून होता.

"आता वळ," गुरू म्हणाले.

तानी आईच्या कुशीत खोकत होती, माती थुंकत होती. मंत्र्याचे डोळे भरून आले.

गुरू शांतपणे म्हणाले, "बाळ, तू चुकतोयस हे कोंडाजीला कळत होतं. पण मंत्र्याला नाही कसं म्हणायचं? तू पाहत होतास तोवर तो तुझ्यासाठी खणत होता. तू पाठ फिरवलीस, तेव्हा तो तानीसाठी खणायला मोकळा झाला. कुदळ चालवणारे हात इथं पुष्कळ आहेत. या माउलीजवळ मात्र कुणीच नव्हतं. तू आल्या आल्या आधी तिच्याजवळ बसला असतास, तर दार कुठं होतं हे विचारावंच लागलं नसतं."

कोंडाजी घाम पुसत समोर येऊन उभा राहिला. "सरकार, आता दुसरं घर. कुठनं सुरू करू?"

"तुम्हाला काय वाटतं, नाईक?"

कोंडाजीने क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहिले. "वरच्या अंगानं, सरकार. खालनं खणलं तर माती पुन्हा बसंल."

"मग तसंच करा," मंत्री म्हणाला. "त्या म्हाताऱ्याच्या घरचं कोण आहे इथं? मला त्यांच्याकडे घेऊन चला."