धुतलेलं इंजिन

"घाण काढणं पाप हाय का, आक्का? एवढंच सांगा मला."

हौसाक्कानं वर पाहिलं नाही. ती पान्यांना झेंडू वाहत होती.

खंडेनवमीचा दिवस. मिरजेबाहेरच्या तिच्या गॅरेजात त्या दिवशी एक बोल्टसुद्धा फिरत नसे. पाने, पकडी, हातोडे, जॅक, सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर बसायची. वर्षभर राबतात, एक दिवस बसू देत. "मला मेलीला कुणी बसवत न्हाई, त्यांना तरी बसू द्या," असं ती म्हणायची.

नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, बाई आता गॅरेज विकणार. पुढं त्याच लोकांनी बंद पडलेल्या गाड्या तिच्या दारात ढकलत आणल्या. तिनं दुरुस्त केल्या. टोमणा मात्र एकालाही चुकवला नाही.

दारात उभा होता तो जिनगोंडा. तिचाच चेला. तिच्या हाताखाली शिकला, तिच्या शिव्या खाल्ल्या, आणि जयसिंगपूरच्या रस्त्याला स्वतःचं गॅरेज काढलं. खाली फरशी, वर ट्यूबलाइट. पाटीवर स्वतःचं नाव एवढं मोठं रंगवलं की खाली गुरूला जागाच उरली नाही.

"चपला काढ आधी," हौसाक्का म्हणाली.

त्यानं काढल्या.

"बस. गाडी कुणाची?"

"तातोबा माळ्याची. जुनी टॅक्सी हाय बघा, काळी-पिवळी हुती पूर्वी."

"त्यानं काय काम सांगितलं हुतं?"

जिनगोंडा पाटावरच्या पान्यांकडं बघू लागला.

"कानात तेल गेलं व्हय रं? काय सांगितलं हुतं?"

"वायर बघ म्हणाला. एक वायर सैल झालती, चालू व्हायला तरास देत हुती."

"बघितलीस?"

"बघितली की. पण इंजिनाचं झाकण उघडलं आन्..."

त्याच्या अंगावर आत्तासुद्धा शहारा आला.

"नुसतं डांबर, आक्का! वर्षानुवर्षाचा गाळ. खरवडून काढावा असला. आता सांगा, असली गाडी मी माझ्या दारातनं जाऊ देऊ? नवमी तोंडावर आलेली. लोक गाडी भायेरनं धुतात, मी आतनं धुतली. पैसासुदिक घेणार न्हवतो."

"कशानं धुतलीस?"

"तेलात रॉकेल घातलं. चालू ठेवली. खालनं सोडलं तर काळं... असलं काळं मी जन्मात बघितलं न्हवतं. परत घातलं, परत सोडलं. निवळ येईपतोर सोडलं न्हाई तिला. मग नवं तेल. आन् आक्का, अशी चालली म्हणता! शिवणाचं मशीन! वरनं हात ठेवला तरी कळंना चालू हाय का बंद."

एवढ्या दुःखातही त्याचा चेहरा क्षणभर उजळला. गर्वाची जात अशी चिवट. माणूस रडतो तेव्हा तो कोपऱ्यात बसून मिशीला पीळ देत असतो.

हौसाक्कानं ते पाहिलं. एक फूल खाली पडलं होतं, ते उचलून तिनं पुन्हा हातोड्यावर ठेवलं.

"मग?"

"काल सांजच्याला तातोबाच्या गल्लीपतोर गेली. तितंच..." त्यानं दोन्ही पंजे एकमेकांत घट्ट अडकवून दाखवले. "जाम. कायमची. सुटलेला गाळ तेलाच्या जाळीवर जाऊन बसला. तेल वर चढंना. कोरडंच फिरलं, कोरडंच जळालं."

"मग खोल की. जळलेलं बदल, जाळी धू. तुला काय येत न्हाई? पाटी तर केवढी मोठी लावलीस."

"मारा आक्का, मारा. आज काय पण मारा..."

त्याचा आवाज फाटला. तशी तिनं पुढचा टोमणा गिळला.

"तातोबा मला एका शब्दानं बोलला न्हाई," जिनगोंडा म्हणाला. "बोलला असता तर बरं झालं असतं. गाडीच्या चाकाला टेकून खाली बसला. मग हळूच म्हणाला, 'आता सोनीला काय सांगू?' सोनाबाई त्याची बायको. अंगावरनं वारं गेल्यापासनं अंथरुणाला खिळलीया. पोरगा एकुलता एक, सर्जेराव. टॅक्सी त्योच चालवायचा. आई दवाखान्यात बेशुद्ध हुती, तवाच त्यो काविळीनं..."

"मेला."

"व्हय. आन् तिला कुणी सांगितलंच न्हाई. शुद्धीवर आली तर पयलं इचारलं, सर्जा कुठं हाय. तातोबा म्हणाला, भाडं घेऊन गेलाय. झालं... तवापासनं रोज पहाटं त्यो गाडी चालू करतो. गल्लीतनं भायेर काढतो, बाजाराच्या मागं नेऊन लावतो आन् मागच्या दारानं चालत घरात येतो. तिला वाटतं, पोरगं कामाला निघालं. रातच्याला उशिरा येतं, आपण झोपल्यावर. म्हणून दिसत न्हाई. सगळ्या गल्लीला म्हाईत हाय. मलाच न्हवतं."

दारातल्या चिंचेची पानं पाटावर झडत होती. हौसाक्का एकेक वेचत होती.

"त्यो आवाज ऐकल्याबिगर बाई तोंडात घास घेत न्हाई, आक्का. आज पहाटं आवाजच न्हाई. म्हणाली, सर्जाला बरं न्हाई व्हय? हिकडं पाठव की त्याला. तवापासनं च्यासुदिक घेतला न्हाई. तोंड मिटून पडलीया. तातोबा वाटी घेऊन उशाला बसलाय..."

तो गुडघ्यांवर पुढं सरकला.

"तुमी चला. आजच्या आज खोलू. पहाटेच्या आत चालू करू. माझा हात चालंना."

"हत्यारं बसल्यात."

"एवढ्यापुरती उठवा, आक्का! पाया पडतो."

"उठवली असती," ती म्हणाली. "म्हातारीच्या घासापुढं कसली आलीया नवमी. देवाला काय सांगायचं ते मी सांगितलं असतं... पण जिनू, त्यो आवाज आणशील?"

जिनगोंडा टाचांवर मागं बसला.

एवढी वर्षं इंजिनं ऐकलेला माणूस तो. त्याला ठाऊक होतं. नवे भाग, नवं तेल, इंजिन चालू होईल. छान चालेल. पण तो घोगरा खोकला, चालू होताना आधी दोन आचके, मग ती दम लागल्यासारखी खडखड... ती पुन्हा यायची नाही. पोराच्या हाताखाली झिजून झिजून गाडीला तो आवाज आला होता. म्हातारीला तेवढाच ओळखीचा होता. दुसरी कुठलीही गाडी दारात वाजली तरी ती म्हणणार, हा माझा सर्जा नव्हे.

"मी घाण काढली, आक्का," तो पुटपुटला. "घाणच काढली ना...?"

हौसाक्का उठली. आतून रॉकेलचा डबा आणि तारेचा ब्रश घेऊन आली. ब्रश कोपऱ्यात पडलेला, पाटावरचा नव्हे. जिनगोंडापुढं बसली आणि उजवा तळहात उघडून त्याच्या मांडीवर ठेवला.

आयुष्यभराचं काळं त्या हाताच्या रेषारेषांत मुरलं होतं. नखांच्या कडेला, बोटांच्या पेरांत, अंगठ्याच्या भेगांत.

"काढ," ती म्हणाली.

"काय?"

"घाण. तुला बघवत न्हाई न्हवं? काढ."

तो गोंधळला. पण गुरूचा शब्द. ब्रश रॉकेलात बुडवून त्यानं तळहात घासायला सुरुवात केली. वरवरचं निघालं. रेषांतलं निघेना.

"दाबून. निवळ येईपतोर."

त्यानं दाबलं. कातडी तांबडी झाली. अंगठ्याच्या भेगेत काळं घट्ट बसलं होतं. त्यानं तार आत घातली, ओढली. काळ्याचा एक तुकडा सुटून आला... आणि त्यामागून लाल थेंब.

जिनगोंडाचा हात जागीच थांबला.

"थांबलास का?"

"आक्का, रगत येतंय."

"येऊ दे की. अजून हाय काळं. आत हाय बघ."

"न्हाई... न्हाई, आक्का. दुखतंय तुमाला."

"मी म्हणाले?"

"न्हाई. पण कळतंय की."

"हितं कसं कळलं रं?"

ब्रश त्याच्या हातातून गळून पडला. तिचा तळहात त्यानं आपल्या दोन्ही हातांत धरला, कपाळ त्यावर टेकवलं आणि लहान पोरासारखा रडला. रॉकेल त्याच्या डोळ्यांत गेलं. चुरचुरलं. तरी त्यानं हात सोडला नाही.

हौसाक्कानं त्याला रडू दिलं. डोक्यावरून हात फिरवला नाही, गप्पही केलं नाही.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "जातो. तातोबाकडं. वाटी मी धरतो थोडा वेळ, त्योबी उपाशी हाय."

"जा."

त्यानं चपला पायात सरकवल्या. उंबऱ्याशी पुन्हा थबकला.

"आक्का... ती इचारणार. आज न्हाई तर उद्या पहाटं. तातोबाच्यानं बोलवणार न्हाई. मलाच बोलावं लागंल."

"व्हय. तुलाच."

"कसं सांगू?"

हौसाक्का अंगठ्याला चिंधी गुंडाळत होती. गाठ दातांनी आवळली. मग त्याच्याकडं पाहिलं.

"सगळं एकदम काढू नको, बाळा."