जिन्यातली दुपार

"मुलाच्या मनातलं मला नुसतं बघून कळतं," असं मणेर सर छातीवर हात ठेवून सांगत असत. आणि समोरच्याची मान पुरती डोलायच्या आत स्वतःच पुस्ती जोडत, "म्हणजे, मूल आपल्या तोंडानं सांगतं ना, त्यानंतर लगेच."

"मग माझ्या मनात काय चाललंय तेही कळत असेल," शर्वाणी म्हणाली. "सही का करत नाही, सर?"

सर भडंग खात होते. तोंडात भडंग असलं की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही. सांगली-मिरजेकडे ते एवढं का खपतं, याचं दुसरं कारण अजून कोणाला सापडलेलं नाही.

शर्वाणी नेर्लेकर शिकाऊ होती. तिला शिकाऊ म्हटलेलं आवडत नसे, आणि त्यात तिचं फारसं चुकत होतं असंही नाही. शाळेतल्या मुलांची मानसतज्ज्ञ होणं म्हणजे खायचं काम नव्हे. आधी बी.ए., मग एम.ए., मग त्याच्या डोक्यावर आणखी एक खास अभ्यासक्रम. तो पार पडला की एखाद्या नोंदणी झालेल्या जाणत्याच्या नजरेखाली, खऱ्या शाळेत, खऱ्या शेंबड्या पोरांबरोबर काम. मग त्या जाणत्यानं 'ही तयार आहे' अशी सही करायची, कागद नोंदणी करणाऱ्या सरकारी परिषदेकडे जायचे, परिषदेनं नोंदणी क्रमांक द्यायचा, आणि तेव्हा कुठे दारावर पाटी. लग्न याहून सोपं असतं. मोडायलासुद्धा एवढे कागद लागत नाहीत.

शर्वाणीचं सगळं झालं होतं. सही तेवढी राहिली होती. कोल्हापूरच्या एका शाळेनं तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, आणि आज सकाळीच फोनवर सांगितलं होतं, की परवापर्यंत सही झालेले कागद आले नाहीत तर दुसरीला घेऊ.

आणि जाणता म्हणून तिच्या नशिबी आले होते मणेर सर.

ते ज्या खोलीत बसत तिथे अर्ध्या भागात कबड्डीच्या गाद्या आणि हवा गेलेले फुटबॉल होते. शाळेनं मन आणि मैदान या दोघांना मिळून एकच खोली दिली होती.

"तास भरले ना माझे?" शर्वाणीनं विचारलं.

"भरले. वर थोडे सांडले."

"चाचण्या?"

"तोंडपाठ."

"अहवाल?"

"तुझे अहवाल फार शुद्ध असतात. वाचताना मी चप्पल काढून बसतो."

"मग अडलंय कुठे?"

"तनुजापाशी," सर म्हणाले.

तनुजा तिसरीतली. घरी छप्पर उडवील इतकं बोलायची, आणि शाळेच्या फाटकातून आत आली की तोंडाला कुलूप. शर्वाणी तिच्यासोबत कितीतरी वेळा बसली होती. दर वेळी अहवालात एकच ओळ उमटे: प्रतिसाद नाही.

"ती बोलतच नाही, सर. पुस्तकात आहेत ते सगळे प्रश्न विचारले. नाहीत तेही विचारले."

"बिचारीनं बोलायचं कधी? तुझा एक प्रश्न संपतो आणि दुसरा लागतो, त्या फटीतून मुंगीसुद्धा जायची नाही."

"मग मी काय करायचं?"

"गप्प बसायचं."

"ते अभ्यासक्रमात नाही."

"बरंय. असतं तर मी नापास झालो असतो."

हे अर्धंच खरं होतं. मूल समोर असलं की सर दगडासारखे बसत. पण मूल बाहेर गेलं रे गेलं, की साठलेलं सगळं मोठ्या माणसांच्या डोक्यावर ओतत. शिक्षकांच्या खोलीत ते शिरले की चार जणांना एकदम वर्ग आठवत.

सरांनी हात झटकले. रविवारपासून पोटात जपून ठेवलेली एक खोडी आता बाहेर काढायला हरकत नव्हती.

"असं कर," ते म्हणाले. "आपण सौदा करू."

सही करणाऱ्यालाही नोंदणी क्रमांक असतो, आणि तो काही ताम्रपट नव्हे. मुदत सरली की नवा करावा लागतो, आणि त्यासाठी केस पिकलेल्यांनाही उजळणी वर्गाला जाऊन बसावं लागतं. असा वर्ग रविवारी सांगलीत होता. दारात बसून हजेरी घेण्याचं काम वर्ग भरवणाऱ्या संस्थेनं शिकाऊंना दिलं होतं, आणि त्या दिवशी दारात होती शर्वाणी. सरांची सकाळची हजेरी तिनं लावली. जेवणानंतर सर आत दिसले नाहीत, तेव्हा दुपारची जागा तिनं कोरी ठेवली.

"तू माझी दुपारची हजेरी लाव," सर म्हणाले. "मी तुझ्या कागदावर सही करतो. आत्ता, इथल्या इथे. पेनही माझं."

ती 'हो' म्हणाली तर कागद उचलून एखाद्या फाटक्या फुटबॉलमध्ये कोंबायचे, हे सरांनी पक्कं केलं होतं. 'नाही' म्हणाली तर काय करायचं, हे ठरवायचं राहून गेलं होतं.

शर्वाणीनं पेनाकडे पाहिलं. मग कागदाकडे. मग बराच वेळ कुठेच नाही...

"नाही," ती म्हणाली.

"कोल्हापूर हातचं जाईल, पोरी."

"जाऊ दे. तुम्ही दुपारी नव्हतात."

"होतो की. जिन्यात होतो."

"जिना वर्गात धरत नाहीत, सर."

तिनं कागद स्वतःकडे ओढले, त्यावर हात ठेवले आणि बसून राहिली. डोळे भरले होते, ओठ घट्ट मिटले होते. या खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच तिच्याकडे विचारायला काही उरलं नव्हतं.

सर वाट बघत राहिले. आता ती भांडेल, मग मी चिडवीन, मग ती आणखी भांडेल, असा त्यांचा हिशेब होता.

...

"जिन्यात एक पोरगं होतं," सर म्हणाले.

शर्वाणी काही बोलली नाही.

"वर्गाला आलेल्या एका बाईंचं. रुसून बसलेलं. त्याचा दात पडला होता."

...

"त्याच्या डोक्यात बसलेलं की ही नुसती सुरुवात आहे. आज दात, उद्या बोटं, मग कान. शेवटी नुसती चड्डी उरणार. आणि हे सांगायचं कोणाला? मी कवळी काढून त्याच्या हातात दिली. म्हटलं, माझे सगळे दात गेले, आता कान बघ. त्यानं ओढून बघितले. चांगले जोरात ओढले."

एरवी शर्वाणी हसली असती. आत्ता ती सरांकडे नुसती पाहत होती.

"एवढ्याला अख्खी दुपार लागली का, असं तुला विचारायचं असेल."

तिनं विचारलं नाही.

"नाही लागली. आतला चहा यायच्या आधीच तो खुलला होता. मग आम्ही बाटलीच्या बुचांनी खेळत बसलो."

...

"तो म्हणत होता, जा आत. मीच नाही गेलो." सरांनी भडंगाच्या पुडीत हात घातला. पुडी रिकामी होती. तरी त्यांनी कोपरे चाचपले. "आत व्याख्यान होतं. 'मुलांचं ऐकावं कसं.' आणि देणारा कोण, तर माझाच विद्यार्थी. याच गादीवर बसून शिकला. आता तो मला ऐकायला शिकवणार म्हटल्यावर... पोटात दुखलं थोडं. बाकी काही नाही."

बोलता बोलता सर थबकले.

हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे या क्षणापर्यंत स्वतःलाही सांगितलं नव्हतं. त्यांनी शर्वाणीकडे पाहिलं. तिचे हात कागदांवर तसेच होते.

आणि सर हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग त्यांच्या मागची गाद्यांची चळत. वरचा एक फुटबॉल घरंगळत येऊन टेबलाखाली गेला. सरांनी तिच्या हाताखालून कागद ओढून घेतले आणि हसता हसताच सही ठोकली. ती इतकी वाकडी आली, की परिषदेनं खोटी समजून परत पाठवली नाही म्हणजे मिळवली.

"सर..." शर्वाणी गोंधळली. "मी हजेरी लावणार नाही म्हटलं ना."

"ऐकलं मी."

"मग ही सही कशाबद्दल?"

"आत्ता तू काय केलंस?"

"काहीच नाही."

"त्याचबद्दल."

शर्वाणीनं सहीकडे पाहिलं. घ्यावी की न घ्यावी, असं तिला झालं. "पण मी ठरवून नाही केलं, सर. मला रडू येत होतं, म्हणून बोलता येईना."

"कोणाला सांगू नको. मलाही पहिल्यांदा असंच जमलं होतं."

तिनं डोळे पुसले, कागद पिशवीत ठेवले. "उद्या तनुजाबरोबर बसते," ती म्हणाली. "प्रश्न घरी ठेवून येते." आणि ती निघाली.

आता इथे शहाण्या माणसानं गप्प राहावं. पण खोडकर माणसाच्या जिभेला हाड नसतंच, आणि कवळी असल्यामुळे सरांच्या जिभेला दाताचंही भय नव्हतं.

"आणि माझी दुपार?" त्यांनी मागून हाक दिली. "सौदा अर्धाच झाला म्हणायचा."

शर्वाणी उंबऱ्यात थांबली. वळून त्यांच्याकडे पाहत राहिली...

पाहतच राहिली. सर वाकून टेबलाखालचा फुटबॉल शोधू लागले.

"पुढच्या रविवारी परत वर्ग आहे, सर," ती म्हणाली. "त्या बाई मुलाला घेऊन येणारच. या वेळी जिन्यात मी बसते. तुम्ही आत बसा."